बसून वाजवलेला भैरव

‘झाडीपट्टीच्या नाटकातल्या गमतीजमती लिहा’ असा निरोप या अंकाच्या संपादकांनी पाठवला. गमती मला पुष्कळ माहीत आहेत. राजाची मिशी गळून प्रधानाच्या खांद्यावर चिकटली आणि पुढचा सगळा प्रवेश तिथेच राहिली, तेव्हा मी समोरच बसलो होतो. पण दर दिवाळीला कोणी ना कोणी आमच्या गमती छापतं, आमचं वाजवणं मात्र कोणी छापत नाही. म्हणून मी भैरव रागावर लिहिणार आहे. ज्यांना गमतीच हव्यात त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी क्लॅरोनेट वाजवायचो. क्लॅरोनेटवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वरात येते. मी एकाही वरातीत वाजवलेलं नाही, आणि त्याचं कारण माझा बा.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या मूलजवळ. धम्मदीक्षेआधी बा सनई वाजवायचा. मोठ्या घरांतल्या लग्नांत, मांडवाच्या बाहेर, उभ्यानं. पंगती उठेपर्यंत उभं राहायचं आणि मग वाढलेलं घेऊन घरी यायचं. छप्पन सालानंतर वस्तीने ठरवलं की आता कोणाच्या दारात वाजवायचं नाही. बाने सनई बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, फेकून दिली. त्यानंतर आमच्या घरात वाद्याचं नाव निघालं नाही. पुढे मी एका म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्याकडून चोरून शिकलो. त्याचे दात पडले होते, आणि दात पडले की क्लॅरोनेट ओठांत ठरत नाही, म्हणून नाटक कंपनीतली आपली जागा तो मला देत होता. हे घरी सांगितलं तेव्हा बाने विडी पेटवली.

“वाजवाचं असन तं वाजव,” तो म्हणाला. “पन बसून. कोनी उभं राहून वाजव म्हनलं, तं तिथून सरळ घरी येजो. आन् उभ्यानं वाजवलं असन, तं येऊ नोको.”

कंपनीचे मालक दादाजीभाऊ स्वतःच ऑर्गन वाजवायचे. त्यांना मी बाची अट सांगितली. ते म्हणाले, “मले का कराचं आहे? झोपून वाजव, पन सुरात वाजव.” मी एक घडीची लोखंडी खुर्ची घेतली आणि कंपनीच्या ट्रकवर पेट्यांबरोबर तीही फिरू लागली. इतर वादकांत कुजबुज झाली. तबलजी तर मला ‘कलेक्टर’ म्हणायचा. मी ओ द्यायचो.

आता आमचं नाटक कसं असायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपटात बैलांच्या शर्यती होतात आणि त्यासाठी नाटक आणतात. आजूबाजूच्या गावांतून माणसं बैलगाड्या जुंपून येतात. परतीची वाट जंगलातली. वाटेत अस्वल भेटतं, वाघही भेटतो. त्यामुळे नाटक मध्येच संपवून चालत नाही. ते उजाडेपर्यंत लांबवायचं, हे आमचं पहिलं कौशल्य. प्रेक्षक जमिनीवर पोती-चादरी टाकून बसतात, लेकरं तिथेच झोपतात आणि तांबडं फुटलं की नाटक संपतं.

संपतं ते भैरवीने. मैफल भैरवीने संपवायची ही रीत सगळीकडे आहे, पण आमच्याकडे ती घंटेच्या कामाची होती. नाटकभर क्लॅरोनेट गाण्याच्या मागे मागे चालायचा, एकटा कधीच वाजायचा नाही. एकटा वाजायचा तो फक्त शेवटी, भैरवीचा तुकडा. तो ऐकला की लोक चादरी झटकायचे, लेकरं उठवायचे, गडी बैल जुंपायला पळायचे. माझा एकट्याचा आवाज म्हणजे ‘घरी जा’. वर्षानुवर्षं मी लोकांना घरी पाठवण्याचं काम केलं, आणि ते मला सलत होतं.

भैरव मला चंद्रपुरात भेटला. पावसाळ्यात नाटकं बंद असतात. त्या दिवसांत मी तिथल्या एका लाकडाच्या डेपोत कामाला होतो. डेपोमागच्या घरातून पहाटे व्हायोलिन ऐकू यायचं. एका मुलींच्या शाळेतल्या संगीताच्या बाई तिथे एकट्या राहायच्या. मी कुंपणाशी उभा राहून ऐकायचो. एक दिवस त्या दार उघडून बाहेर आल्या.

“रोज उभे असता. काही पाहिजे का?”

“तुम्ही वाजवता ते पायजे,” मी म्हणालो.

त्यांनी आधी मला क्लॅरोनेट आणायला सांगितलं. मी वाजवून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, “तुमचे सूर खरे आहेत. पण तुम्ही प्रत्येक सुरावर पाय ठेवून पुढे पळता.”

राग म्हणजे चाल नव्हे, हे मला बाईंनी शिकवलं. भैरवात सातही सूर लागतात, त्यांतले रिषभ आणि धैवत कोमल, म्हणजे जरा उतरलेले. तेच सात सूर कालिंगडा रागातही लागतात. आमच्या नाटकांत कालिंगड्याच्या चाली पुष्कळ, त्यामुळे मला वाटलं होतं, भैरव आपल्याला येतोच. बाईंनी पहिल्याच दिवशी ते खूळ उतरवलं. कालिंगड्यात रिषभ सरळ लावून पुढे निघता येतं. भैरवात तसं चालत नाही. तिथे रिषभ हळूहळू झुलवायचा, वरच्या गंधाराला जरासा लागू द्यायचा, परत आणायचा आणि मग खाली षड्जावर यायचं. त्याला आंदोलन म्हणतात. व्हायोलिनच्या तारेवर बोट सरकतं. क्लॅरोनेटला भोकं आणि चाव्या. तिथे ओठ सैल करायचा, बोटाने भोक अर्धं झाकायचं आणि फुंक मात्र तुटू द्यायची नाही. माझा ओठ कितीदा फुटला. ऑर्गनच्या पट्टीला सरावलेल्या माझ्या कानाला तो झुलता रिषभ आधी बेसूर वाटायचा, हेही सांगून टाकतो.

“रिषभ हा मुक्कामाचा सूर नाही,” बाई म्हणायच्या, “पण तिथून घाईने निघायचंही नाही.” मी मान डोलवायचो. दोन पावसाळे गेले. भैरव मला आला, पण कळला नाही. माणसाची सही हुबेहूब काढता यावी आणि माणूस माहीत नसावा, तसं झालं होतं.

हे कोणाला ऐकवणार, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, नाटकाच्या लोकांना. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, “तेच बरं. माझ्या ओळखीचा एकही श्रोता भैरवाच्या वेळी जागा नसतो. सकाळची सभा म्हणून बोलावतात आणि नाश्ता झाल्यावर दहाला येऊन बसतात.”

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. भैरवाची वेळ सूर्य उगवण्याची. त्या वेळी अख्खं गाव जागं, एका जागी, कान उघडे ठेवून बसलेलं, असं आमच्या झाडीशिवाय कुठे असतं? पुढे एका शहरी जाणकाराने मला नाक मुरडून विचारलं, नाटकाच्या मांडवात कसला भैरव? मी त्याला हेच विचारलं. त्याने विषय बदलला.

मी दादाजीभाऊंच्या मागे लागलो. शेवटच्या अंकाआधी पडदा पडतो, नट कपडे बदलतात, तेवढ्या वेळात मला भैरव वाजवू द्या. त्यांनी एकदा वाजवू दिला. सिंदेवाहीकडचं गाव होतं. मी एकट्याने पहिले सूर लावले आणि समोरच्या बाया पटापट चादरी झटकू लागल्या. गाड्या जुंपल्या गेल्या. एक म्हातारा मला हात जोडून “मस्त झालं बावा नाटक” म्हणून निघालासुद्धा. आत नायिका अजून जिवंत होती, खलनायक अजून मोकळा होता. दादाजीभाऊ धोतर सावरत मांडवाच्या दारापर्यंत धावले, “अरे थांबा, मरनं बाकी आहे!” असं ओरडत. माणसं गोळा करता करता त्यांचा घसा बसला.

“तुह्या भैरवानं माही कंपनी बसवाची का?” ते मला म्हणाले. “लोकायले गाना पायजे.”

“लोकायनं आयकलं कुठी अजून?” मी म्हणालो. “उठले तं तुमच्या भैरवीच्या सवयीनं.”

ते ऑर्गनचं झाकण आपटून गेले. मी ऐकणारा नव्हतो, हे त्यांनाही माहीत होतं. त्याच हंगामात एका शंकरपटात जिंकलेल्या बैलजोडीच्या मालकाने मला फर्मावलं होतं की बैलांपुढे चालत वाजव. मी म्हटलं, मी चालत वाजवत नाही, बैलांना ऐकायचं असेल तर बैलांना इथे आणा. मला वाटलं, माणूस चिडेल आणि जाईल. त्याने खरोखर गुलाल लावलेले दोन्ही बैल माझ्या खुर्चीसमोर आणून उभे केले. मी बसून वाजवलं. बैलांनी शांतपणे ऐकलं. दादाजीभाऊंनीही तोंडावर उपरणं धरून हसून घेतलं होतं.

मग अहेरीचा मुक्काम आला. बाजाराच्या मैदानात नाटक होतं. लांबलांबची माणसं आली होती, मागच्या बाजूला माडिया आदिवासी कुटुंबं होती, काही जण आपसांत तेलुगू बोलत होते. नाटक ठेवलं होतं एका लाकूड ठेकेदाराने, आणि तो पहिल्या ओळीत गादीवर लोडाला टेकून बसला होता. शेवटच्या अंकाआधी नायिकेचा आवाज बसला. आत मीठपाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. दादाजीभाऊंनी पडद्याआडून येऊन मला सांगितलं, “दोन सिनेमाचे गाने वाजव. लोक बसले पायजेत.”

बाहेर काळोख विरळ होत होता. कोंबडे आरवत होते. मी क्लॅरोनेट ओठाला लावला आणि ठरवलं. जे व्हायचं ते होवो. मी षड्ज लावला आणि भैरवाच्या रिषभावर गेलो.

व्हायचं तेच झालं. सगळीकडून चादरी झटकण्याचा आवाज आला. माणसं उठली. ठेकेदारही उठला, कारण सगळे उठल्यावर त्याला समोरचं दिसेना. दादाजीभाऊंनी चिडून ऑर्गनवरचा हात काढला आणि मला मिळत होता तेवढा षड्जाचा आधार गेला.

“उभा हो बे!” ते दबक्या आवाजात म्हणाले. “सामने ये, गाना धर, बसव लोकायले!”

ठेकेदाराने उभ्या उभ्या बोट नाचवलं. “ए क्लॅरोनेटवाले! उठून वाजव, उठून! दिसला पायजे लोकायले!”

मी बसून राहिलो. राग खूप आला होता. पण मला त्या क्षणी दुसरंच सुचत होतं. समोर माणसं उठलेली होती, पण गेलेली नव्हती. खांद्यावर चादर, कडेवर झोपलेलं पोर, एक पाय घराकडे. मी आत्ता षड्जावर येऊन टेकलो तर त्यांना वाटेल संपलं, आणि ती जातील. गंधारावरून पुढे पळालो तर त्यांना वाटेल एखादं गाणं सुरू झालं, आणि ती बोलायला लागतील. म्हणून मी रिषभावरच राहिलो. झुलवत राहिलो. जाऊही दिलं नाही आणि बसवलंही नाही. बाई दोन पावसाळे सांगत होत्या ते त्या मैदानात माझ्या डोक्यात उतरलं. भैरवाचा रिषभ हा निघालेल्या माणसाला थांबवणारा सूर आहे. निदान माझा भैरव तरी तसा आहे, आणि कोणाला पटत नसेल तर त्यांनी आपला वाजवावा.

चादरी झटकण्याचा आवाज थांबला. कुजबुज थांबली. एक बैल घंटा हलवत होता, तेवढंच. मी धैवतावर गेलो, तिथे राहिलो, परत रिषभावर आलो. मध्येच कानावर ऑर्गनचा षड्ज आला. दादाजीभाऊंनी मान दुसरीकडे वळवून एक पट्टी दाबून धरली होती. माझ्याकडे ते बघत नव्हते, पण सूर सोडत नव्हते. उजेड वाढत गेला तशी समोरची तोंडं दिसू लागली. अख्खं मैदान उभं होतं. ठेकेदार उभा होता. आणि मी एकटा खुर्चीवर होतो.

शेवटी षड्जावर आलो तेव्हा टाळी पडली नाही. टाळी कुठे वाजवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला टाळी नकोच होती. पुढची एक बाई पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “झालं का भाऊ? का अजून आहे?”

“नाटक आहे अजून, बाई. बसा.”

ती बसली. मग बाकीचे बसले. शेवटचा अंक लख्ख उन्हात झाला. नायिका मेली तेव्हा तिच्या गालावरची पावडर मागच्या ओळीलाही दिसत होती. लोकांनी तिला पोटभर रडून निरोप दिला.

पेट्या भरताना दादाजीभाऊ माझ्याकडे आले. ठेकेदाराने त्यांना खूप सुनावलं होतं.

“तू आता घरी जाय,” ते म्हणाले. “मालक मी आहो. सगळ्यांसमोर मी म्हनलं उभा हो, तू झाला नाई. उद्या बाकीचे आयकतीन का माहं?”

“मंग तुम्ही षड्ज काऊन दिला?”

त्यांनी ऑर्गनच्या पेटीचा दोर आवळला. त्यांनी षड्ज दिला हे मी विसरलेलो नाही, आणि त्यांनी मला काढलं हेही नाही. पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेलो, तिथे प्रत्येक नाटकात शेवटच्या अंकाआधी भैरव वाजवला आणि लोकांना कळलं की हा वाजला म्हणजे अजून थांबायचं आहे. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी काम गमावून एसटीने मूलला उतरलो आणि खुर्ची डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत गेलो.

बा अंगणात धानाचं पोतं दाभणाने शिवत होता.

“हंगाम संपला?”

“नाई. काढलं.”

“काऊन?”

“उभा हो म्हनले. झालो नाई.”

तो शिवत राहिला. मग विचारलं, “लोक होते?”

“मैदान भरून होते.”

“बसले होते?”

“उभे होते, बा. सारेच उभे होते. ज्यानं नाटक ठेवलं तो ठेकेदार बी. मी बसून होतो.”

बाचा हात थांबला. दाभण पोत्यात तसाच खुपसलेला ठेवून तो उठला आणि बोडीकडे निघून गेला. जेवायच्या वेळेलाच परत आला. मला वाटलं की काम गेल्याचाच राग असेल.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी त्याने मला हलवून उठवलं. अंगणात गोणपाट अंथरलेलं होतं. माझी खुर्ची त्याच्यासमोर मांडलेली होती.

“काल जे वाजवलं ते वाजव,” तो म्हणाला. “मले आयकाचं आहे. सारी उमर वाजवलं, पन बसून कधी आयकलं नाई मी. बसनारे दुसरेच होते.”

तो गोणपाटावर मांडी घालून बसला. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. मी षड्ज लावला, हळूच, अंगणापुरता. बाने मान हलवली.

“जोरानं,” तो म्हणाला. “मोठ्या घरांपर्यंत जाऊ दे.”

भैरव असा जोराने वाजवायचा नसतो. मी वाजवला.